जुनी जीटी ८६ विकून जीआर ८६ घ्यावी का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टोयोटाची जीआर ८६ ही स्पोर्ट्‌स कार आल्यापासून तिच्या आधीच्या जीटी ८६ च्या मालकांमध्ये एकच वाद रंगलेला आहे. आहे ती ठेवायची, की विकून नवी आणायची? वारंवार येणारे प्रश्न आणि त्यांवरची माझी उत्तरं इथे एकत्र केली आहेत.

खाली 'जुनी' असं म्हटलं की २०१२ मध्ये आलेली पहिली पिढी समजा. टोयोटा जीटी ८६, अमेरिकेत सायन एफआर-एस या नावानं विकली गेलेली तीच गाडी आणि पहिली सुबारू बीआरझेड या तिन्ही त्यात आल्या. 'नवी' म्हणजे टोयोटा जीआर ८६ आणि दुसरी बीआरझेड. या सगळ्या गाड्या जपानमधल्या गुन्मा प्रांतात, ओता शहरातल्या सुबारूच्या कारखान्यात तयार होतात. भारतात त्या अधिकृतपणे कधीच विकल्या गेल्या नाहीत. त्यामुळे अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, आखात अशा ठिकाणी राहणाऱ्या आणि ही गाडी खरोखर घेऊ शकणाऱ्या मराठी मंडळींना समोर ठेवून हे लिहिलं आहे.

माझं मत आधीच सांगतो. जुन्या गाडीत खरा दोष एकच होता, मधल्या आरपीएमवर (इंजिनाच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्या) इंजिन दम सोडायचं. नव्या गाडीनं तो दोष मुळापासून काढला आहे. बाकीचे बदल चांगले आहेत, पण तेवढ्यासाठी गाडी बदलण्याची गरज नाही.

नव्या गाडीत नेमकं काय बदललं?

सगळ्यात मोठा बदल इंजिनात आहे. जुनं एफए२० इंजिन १९९८ सीसीचं होतं. त्याच्या सिलिंडरचा व्यास ८६ मिमी आणि स्ट्रोकही, म्हणजे पिस्टनची धाव, ८६ मिमी. नव्या एफए२४ मध्ये स्ट्रोक तेवढाच ठेवून व्यास ९४ मिमी केला आणि इंजिन २३८७ सीसीचं झालं. कॉम्प्रेशन रेशो दोन्हीकडे १२.५:१ आहे. टर्बो जुन्यात नव्हता, नव्यातही नाही.

अमेरिकेतल्या आकड्यांनुसार ताकद २०० वरून २२८ हॉर्सपॉवरवर गेली. तुमच्याकडे २०१७ नंतरची मॅन्युअल असेल तर तुमचा आकडा २०५ आहे. पण ताकदीच्या आकड्यावर फार वेळ घालवू नका. टॉर्क, म्हणजे इंजिनाची ओढ, बघा. जुन्यात २०५ न्यूटन-मीटरचा कमाल टॉर्क साडेसहा हजारांच्या आसपास मिळायचा. नव्यात २५० न्यूटन-मीटर मिळतो, आणि तोही ३७०० आरपीएमला. गाडीचा स्वभाव पालटला तो या एका आकड्यामुळे.

सांगाडा तोच आहे, पण बराच सुधारलेला. पीळ सहन करण्याची ताकद सुमारे निम्म्यानं वाढली आहे. बॉनेट आधीपासूनच ॲल्युमिनियमचं होतं, आता छप्पर आणि पुढचे फेंडरही ॲल्युमिनियमचे झाले. म्हणून इंजिन मोठं होऊनही वजन जेमतेम २५-३० किलोंनीच वाढलं. रुंदी १७७५ मिमीच राहिली, व्हीलबेस फक्त ५ मिमीनं वाढला. आजकाल प्रत्येक नवी पिढी आधीच्या पिढीपेक्षा फुगून येते. या गाडीनं ते होऊ दिलं नाही, आणि त्याचं मला मनापासून कौतुक वाटतं.

'टॉर्क डिप' म्हणजे काय? सगळे त्यावरच का बोलतात?

कारण ज्यानं जुनी गाडी रोज चालवली आहे, त्याला तो रोज भेटतो.

जुन्या इंजिनातून दोन लिटरमध्ये, टर्बोशिवाय २०० हॉर्सपॉवर काढायचे होते. लिटरला १०० हे सोपं काम नाही. त्यासाठी हवा आत घेणं आणि धूर बाहेर सोडणं ही दोन्ही गणितं वरच्या आरपीएमला जुळतील अशी बसवावी लागतात. नळ्यांमधून दाबाच्या लाटा पुढेमागे फिरत असतात. ठरावीक आरपीएमला त्या सिलिंडर रिकामा व्हायला मदत करतात, तर दुसऱ्या एखाद्या टप्प्यावर नेमक्या उलट वेळेला येऊन पोचतात. त्यात हे बॉक्सर, म्हणजे आडव्या सिलिंडरांचं इंजिन. एक्झॉस्टच्या नळ्या इंजिनाच्या पोटाखालून दाटीवाटीनं न्याव्या लागतात आणि त्यावर उत्सर्जनाचे नियमही पाळायचे असतात. या सगळ्याचा परिणाम साधारण साडेतीन ते साडेचार हजारांच्या टप्प्यात दिसतो. तिथे टॉर्कचा आलेख चक्क खाली वाकतो. पाय तितकाच दाबलेला असतो, आरपीएम वाढत असतात, आणि ओढ मात्र कमी होते. पाच हजारांच्या पुढे गाडी पुन्हा जिवंत होते.

आता विचार करा, रोजच्या रस्त्यावर आपण कुठे असतो? याच टप्प्यात. हायवेवर शिरताना, ट्रक ओलांडताना, चढावर तिसऱ्या गिअरमध्ये. ज्यांनी वरंध्यात किंवा आंबेनळीत गाडी चालवली आहे त्यांना वेगळं सांगायला नको. वळणातून बाहेर पडताना चढ समोर असतो आणि नेमक्या त्या क्षणी इंजिनानं हात दिला नाही, तर दुसरा गिअर टाकण्यावाचून गत्यंतर नसतं. ट्रॅकवर सुई सतत वर ठेवता येते, म्हणून तिथे हा दोष फारसा जाणवत नाही. रस्त्यावर तो टाळता येत नाही.

नव्या इंजिनात नेमक्या याच जागी कमाल टॉर्क आहे. म्हणूनच दोन्ही गाड्या चालवून आलेली माणसं २८ हॉर्सपॉवरचा फरक खूप मोठा वाटल्याचं सांगतात. त्यात अतिशयोक्ती नाही.

पण जुन्या गाडीवर हेडर आणि ट्यून करून डिप जातो ना? मग एवढा खर्च कशाला?

सगळ्यात मुद्देसूद प्रश्न हाच आहे. बहुतेक वादही याच्यावरच होतात.

चांगला हेडर (इंजिनाला जोडलेल्या एक्झॉस्टच्या नळ्या) आणि त्याला जुळणारा ट्यून (इंजिनाच्या संगणकातली नवी मांडणी) केल्यावर डिप बराच भरून निघतो. जिथे ई-८५ हे इथेनॉलचं प्रमाण जास्त असलेलं इंधन मिळतं, तिथे त्यासाठीचा ट्यून केला तर मधली ओढ आणखी सुधारते. हे काम नीट झालेली जुनी गाडी नव्याच्या बऱ्याच जवळ पोचते, आणि वरच्या आरपीएमला तिचा आवाज आणि चपळाई काहींना जास्त आवडते. ज्यांनी हे काम आधीच करून घेतलं आहे आणि गाडी ठणठणीत आहे, त्यांनी माझ्या मते नवीच्या मागे धावू नये.

ज्यांनी अजून काही केलेलं नाही, त्यांचा हिशेब मात्र वेगळा आहे. हेडर बदलला की अनेक हेडरांमध्ये धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जातो किंवा बदलतो. कॅलिफोर्नियासारख्या राज्यात गाडी उत्सर्जन तपासणीत नापास होऊ शकते. ब्रिटनमध्ये एमओटी ही वार्षिक वाहन तपासणी आहे, ऑस्ट्रेलियात राज्याराज्याचे नियम आहेत. वॉरंटी शिल्लक असेल तर तिच्यावर गदा येते. विमा कंपनीला बदल कळवावे लागतात. एवढं करून शेवटी तुम्ही दहा वर्षं जुन्या गाडीत पैसे घातलेले असतात, आणि विकताना त्यातले फारच थोडे परत मिळतात. नवी गाडी तोच परिणाम कारखान्यातून, कायदेशीरपणे आणि वॉरंटीसह देते.

म्हणून माझं उत्तर असं: काम झालेलं असेल तर ठेवा. अजून करायचं असेल तर आधी नवी चालवून बघा.

कागदावर नवी किती वेगवान आहे?

युरोपातल्या अधिकृत आकड्यांनुसार जुनी मॅन्युअल शून्य ते शंभर ७.६ सेकंदांत जायची, नवी ६.३ सेकंदांत जाते. फरक मोठा आहे. तरीही ज्यांना सरळ रेषेतला वेग हवा आहे, त्यांना नवीही पुरणार नाही. तेवढ्याच किंवा थोड्या जास्त पैशांत टर्बो हॉट हॅच, म्हणजे वेगवान हॅचबॅक, मिळतात, इलेक्ट्रिक गाड्या मिळतात, आणि त्या सिग्नलवर हिला मागे टाकतील. या गाडीचं मोल तिच्या वळणांत आहे.

जुनी गाडी जशी सहज मागून सरकायची, तशी नवी सरकते का?

जुन्या गाडीला २१५/४५ आर१७ मापाचे मिशेलिन प्रायमसी टायर दिले होते. ते साधे, रोजच्या वापराचे आणि मुद्दाम कमी पकडीचे टायर होते. उद्देश स्पष्ट होता. कमी वेगातच गाडीची मर्यादा कळावी, ओल्या रस्त्यावर चौकात मागचं टोक अलगद हलावं, आणि चालवणाऱ्याला स्टिअरिंगनं ते सावरता यावं. ज्यांनी मागच्या चाकांची ओढ असलेली गाडी पहिल्यांदाच घेतली, त्यांना या टायरांनी खूप काही शिकवलं.

नव्या गाडीच्या साध्या मॉडेलला तसेच १७ इंची टायर मिळतात. प्रीमियम या वरच्या मॉडेलला २१५/४० आर१८ मापाचे मिशेलिन पायलट स्पोर्ट ४ येतात आणि पकड एकदम वाढते. त्यामुळे प्रीमियमची टेस्ट ड्राइव्ह घेऊन काही जुने मालक सांगतात की नवी गंभीर झाली, खेळकरपणा गेला. त्यांना जाणवलेला फरक मुख्यतः टायरांचा असतो. साध्या मॉडेलमध्ये बसा, मग जुना स्वभाव लगेच ओळखू येईल. उलट आता तो टॉर्कच्या जोरावर गिअर न बदलता बाहेर काढता येतो. मागच्या दोन चाकांत ताकद वाटणारा टॉर्सेन डिफरेन्शियल जुन्याप्रमाणे आहेच, आणि स्थिरता नियंत्रणाचा ट्रॅक मोड बऱ्यापैकी मोकळीक देतो.

स्टिअरिंगबद्दल मतं विभागलेली आहेत. मला नव्याचं पुढचं टोक जास्त प्रामाणिक वाटतं. सांगाडा कडक झाल्यानं हात फिरवला की नाक लगेच वळतं. जुन्यात एखादा क्षण थांबल्यासारखं व्हायचं.

नव्या इंजिनाला ट्रॅकवर तेल पुरत नाही आणि ते बसतं म्हणतात. खरं आहे का?

इथे थोडा वेळ देऊ या. घाबरून गाडी टाळणारेही आहेत आणि काहीच नसल्यासारखं वागणारेही. दोन्ही टोकं चुकीची आहेत.

यात दोन वेगळ्या गोष्टी मिसळल्या जातात. पहिली सीलंटची. इंजिनाचा सम्प (खालची तेलाची टाकी) बसवताना गॅस्केटऐवजी सीलंट लावतात. अनेक मालकांनी सम्प उघडल्यावर जास्तीचं सीलंट आतल्या बाजूला आलेलं आणि त्याचे तुकडे तेल खेचणाऱ्या नळीच्या जाळीत अडकलेले पाहिले. जाळी जितकी बुजेल तितकं तेल कमी जाईल, हे उघड आहे.

दुसरी गोष्ट सम्पच्या आकाराची. गुरुत्वमध्य खाली राहावा म्हणून हे इंजिन फार खाली बसवलेलं आहे, त्यामुळे सम्प उथळ आहे. ट्रॅकवर चिकट टायर लावून लांबलचक उजव्या वळणात बराच वेळ जोर राहिला, तर तेल एका बाजूला साचतं आणि पिकअप नळी उघडी पडू शकते. मालकांनी बसवलेल्या दाबमापकांवर अशा वळणांत तेलाचा दाब पडलेला नोंदला गेला आहे. बेअरिंगना काही क्षण तेल मिळालं नाही, की नुकसान तिथून सुरू होतं.

मग काय करायचं? रस्त्यावर चालवत असाल, अधूनमधून साध्या टायरांवर ट्रॅक डे करत असाल, तर तेलाची पातळी कमाल खुणेपाशी ठेवा, तेल वेळेवर बदला आणि निश्चिंत राहा. ट्रॅक हेच मुख्य काम असेल आणि सेमी-स्लिक, म्हणजे खास ट्रॅकचे चिकट टायर लावणार असाल, तर सम्प काढून जाळी तपासून घ्या आणि ऑइल कूलर बसवा. अर्धा लिटर तेल जास्त भरण्याची पद्धत अनेक जण पाळतात. तेलाच्या दाबाचा खरा मापक बसवा. सम्पमधलं तेल सरकू नये म्हणून लावायची बॅफल प्लेट नुसती लावली म्हणजे प्रश्न सुटला असं समजू नका. दाबाखाली तेल साठवणारी वेगळी टाकी बसवणं हा जास्त भरवशाचा उपाय आहे.

खर्चाच्या हिशेबात हे सगळं आधीच धरा. आणि वॉरंटीच्या अटी स्वतः वाचा. अमेरिकेत टोयोटा नव्या मालकाला नॅशनल ऑटो स्पोर्ट असोसिएशनचं एक वर्षाचं सदस्यत्व आणि एक ट्रॅक शिकवणी मोफत देते. पण त्याचा अर्थ ट्रॅकवर काहीही झालं तरी कंपनी भरून देईल असा होत नाही.

आणि जुन्या गाडीचे आजार? ते कुणी सांगत नाही.

सांगायलाच हवेत. सुरुवातीच्या, म्हणजे २०१२-१३ च्या आसपासच्या इंजिनांमधल्या व्हॉल्व्ह स्प्रिंगसाठी २०१८ मध्ये रिकॉल निघाला. ते काम लहान नाही. इंजिन बाहेर काढावं लागतं आणि पुन्हा बंद करताना सीलंट नीट लावावं लागतं. हे काम घाईत किंवा निष्काळजीपणे झालेल्या काही गाड्यांची इंजिनं नंतर बिघडली. तुमची गाडी त्या काळातली असेल तर काम झालं आहे का, कुठे झालं आणि त्यानंतर किती चालली हे कागदावर तपासा.

बाकीच्या तक्रारी किरकोळ आहेत. थंड असताना दुसरा गिअर अडखळत पडतो. क्लचचं रिलीज बेअरिंग आवाज करू लागतं. आधीच्या गाड्यांमध्ये उच्च दाबाचा इंधनपंप रातकिड्यासारखी किरकिर करतो. ती ऐकून नवा मालक घाबरतो, पण सहसा तिनं काही बिघडत नाही.

जीआर ८६ घ्यावी की बीआरझेड?

इंजिन, गिअरबॉक्स, सांगाडा सगळं एकच आहे. फरक सस्पेन्शनमध्ये आहे. बीआरझेडच्या पुढच्या स्प्रिंग तुलनेनं कडक आणि मागच्या मऊ आहेत, त्यामुळे ती स्थिर आणि बेतानं चालणारी वाटते. जीआर ८६ मध्ये नेमकं उलट आहे. मागची बाजू कडक, म्हणून ती लवकर वळते आणि मागून हलायला उत्सुक असते. रोज लांबचा प्रवास असेल, हिवाळ्यात बर्फ पडत असेल, तर बीआरझेड जास्त शहाणी. जुन्या जीटी ८६ चा खट्याळपणा आवडत असेल तर जीआर ८६. युरोपात दुसरी बीआरझेड आलीच नाही, त्यामुळे तिथे हा प्रश्नच उद्भवत नाही.

मॅन्युअल की ऑटोमॅटिक?

मॅन्युअल. ऑटोमॅटिक वाईट नाही. वाढलेल्या टॉर्कमुळे आता तीसुद्धा आधीइतकी मरगळलेली वाटत नाही. गुडघा दुखत असेल किंवा रोज दोन तास वाहतुकीत काढावे लागत असतील, तर जरूर घ्या. पण एवढी हलकी, मागच्या चाकांची ओढ असलेली, टर्बो नसलेली आणि हातानं गिअर टाकायची गाडी आता दुर्मीळ होत चालली आहे. शरीर साथ देत असेल तर ती संधी घालवू नका. पूर्वी मॅन्युअलला आयसाइट ही सुरक्षा यंत्रणा मिळत नव्हती. अमेरिकेत २०२४ च्या मॉडेलपासून तीही मिळू लागली, त्यामुळे ती अडचण उरलेली नाही.

आत बसल्यावर काही फरक पडतो का?

पडतो, पण त्यासाठी गाडी बदलू नये. समोर सात इंची डिजिटल डायल आहे, आठ इंची टचस्क्रीनवर अँड्रॉइड ऑटो आणि ॲपल कारप्ले चालतं. जुन्या गाडीतही बाहेरून आणून चांगला स्टिरिओ बसवता येतो. रस्त्याचा आवाज दोन्हींत भरपूर येतो.

एक गोष्ट मला खटकते. जुन्यात इंजिनाचा आवाज आत आणायला हवेच्या मार्गाला जोडलेली एक साधी नळी होती, म्हणजे आवाज खरा होता. नव्यात तो स्पीकरमधून वाढवून ऐकवतात. इतक्या प्रामाणिक यंत्राला त्याची गरज नव्हती. ही सोय बंद करता येते. मी तरी बंदच ठेवायला सांगेन.

घरी लहान मूल आहे. चालेल का?

मागच्या सीटवर मोठा माणूस बसू शकत नाही. जुन्यात बसत नव्हता, नव्यातही नाही. मुलाची सीट पुढच्या प्रवाशाची सीट पुढे घेतली तर बसते, पण दोन दारांच्या या बुटक्या गाडीत वाकून रोज मुलाला बसवणं पाठीला परवडत नाही. घरात दुसरी गाडी असेल तरच. सामानाचं मात्र आश्चर्य वाटावं इतकं जमतं. मागची सीट आडवी पाडली की चार सुटी चाकं आत मावतात. ट्रॅकवर जाणाऱ्यांसाठी गाडी तशीच आखलेली आहे.

टोयोटानं टर्बो का दिला नाही? तेव्हाच वाद मिटला असता.

याच कुटुंबातलं २.४ लिटरचं टर्बो इंजिन सुबारूच्या डब्ल्यूआरएक्समध्ये आहे आणि ते २७१ हॉर्सपॉवर देतं. ते इथे का आलं नाही याचं सरळ उत्तर म्हणजे वजन, उष्णता आणि किंमत. टर्बो आला की इंटरकूलर आला, जास्त मजबूत गिअरबॉक्स आला, मोठे ब्रेक आले, रुंद टायर आले. एवढं झालं की ती वेगळीच गाडी होते आणि किंमतही वेगळ्या पायरीवर जाते. शिवाय पायाखालच्या पॅडलला इंजिन कसं उत्तर देतं, ही या गाडीची जान आहे. जेवढं दाबलं तेवढंच, त्याच क्षणी. दोन पिढ्या हा निर्णय टिकवून धरल्याबद्दल दोन्ही कंपन्यांचे आभार मानावेत असंच मला वाटतं.

किंमत वाढली त्याचं काय?

२०१२ मध्ये एफआर-एसची अमेरिकेतली सुरुवातीची किंमत २४,२०० डॉलर होती. जीआर ८६ ची २०२२ मध्ये २७,७०० डॉलर होती. दहा वर्षांची महागाई धरली तर जुन्या गाडीची किंमत ३० हजारांच्या वर जाते. म्हणजे नवी गाडी जास्त ताकद देऊनही प्रत्यक्षात स्वस्त पडली. सुरुवातीला मागणी फार आणि गाड्या थोड्या होत्या, तेव्हा अनेक विक्रेत्यांनी छापील किमतीवर हजारो डॉलर चढवले. असा वरचा पैसा मागणाऱ्याकडून ही गाडी घेऊ नका. परवडणारी असणं हा तिचा गाभा आहे आणि तिथेच हात घातला तर घेण्याचं कारण उरत नाही.

इंधन थोडं जास्त लागतं. नव्या मॅन्युअलचा अमेरिकेतला सरासरी आकडा गॅलनला २२ मैल आहे, जुन्याचा २५ च्या आसपास होता. दोन्हींना जास्त ऑक्टेनचं पेट्रोल लागतं.

मी ब्रिटनमध्ये आहे. नवी मिळेल का?

नवी कोरी मिळणं अवघड. युरोपसाठी ही गाडी सुरुवातीपासूनच दोन वर्षांपुरती आणली होती, कारण २०२४ च्या मध्यापासून लागू होणारे सुरक्षा नियम पाळायला तिच्यात मोठे बदल करावे लागले असते. ब्रिटनमधली पहिली खेप दीड तासात संपली. आता तिथे वापरलेलीच शोधावी लागते आणि तिचे भाव चढलेले असतात. ब्रिटनमध्ये मी म्हणेन, जुनी चांगली असेल तर ती ठेवा आणि हेडर-ट्यूनचा मार्ग घ्या. अमेरिकेतल्या माणसाला मी हा सल्ला दिला नसता. तिथे नवी दुकानात उभी आहे.

भारतात आणता येईल का?

पूर्ण बांधलेल्या गाडीवरचं आयातशुल्क, नोंदणी, सुटे भाग आणि सेवा यांचा हिशेब मांडला तर एका स्वस्त स्पोर्ट्‌स कारची किंमत आलिशान गाडीएवढी होते. पुण्या-मुंबईत ज्यांना ही गाडी खुणावते त्यांना माझं सांगणं एवढंच की परदेशात गेल्यावर एक दिवस भाड्यानं घेऊन मनसोक्त चालवा. जपानमध्ये अशा गाड्या भाड्यानं देणारे आहेत, आणि हाकोनेचे घाट टोकियोहून फार लांब नाहीत. आंतरराष्ट्रीय परवाना मात्र आधी तपासून घ्या. जपानमध्ये १९४९ च्या करारानुसार काढलेलाच चालतो.

त्यापेक्षा माझदा एमएक्स-५ का घेऊ नये?

जरूर घ्या, जर कायम दोघांनीच फिरायचं असेल आणि छत उघडून चालवण्याची ओढ असेल. ती सुमारे दोनशे किलो हलकी आहे आणि १८१ हॉर्सपॉवरमध्ये तितकाच आनंद देते. पण तुम्ही सहा फुटी असाल, हेल्मेट घालून ट्रॅकवर जाणार असाल किंवा चार चाकं गाडीत टाकून न्यायची असतील, तर ८६ च.

टेस्ट ड्राइव्हला नेमकं काय बघू?

स्वतःची जुनी गाडी घेऊन जा आणि त्याच रस्त्यावर दोन्ही चालवा, एकामागून एक. तिसऱ्या गिअरमध्ये तीन हजारांवर या आणि पॅडल पूर्ण दाबा. साडेचार हजारांपर्यंत काय होतं ते फक्त अनुभवा. जुनीत तुम्ही नकळत खालचा गिअर टाकायला हात नेता का? नवीत नेता का? मग एका ओळखीच्या गोल वळणावर दोन्ही गाड्या एकाच, कायद्यात बसणाऱ्या वेगानं न्या आणि नाक किती लवकर वळतं ते बघा. स्क्रीनकडे, सीटच्या शिलाईकडे नंतर बघता येईल. दोन्ही मॉडेल उपलब्ध असतील तर १७ आणि १८ इंची, दोन्ही टायरांवर चालवा. नाहीतर टायरांमधला फरक गाडीचा वाटून जाईल.

जुनी गाडी मूळ स्थितीतली असेल तर हा फरक तुम्हाला पहिल्या पाच मिनिटांत कळेल.

२०२४ ची परफॉर्मन्स पॅकेज वाली घ्यावी का?

अमेरिकेत त्या वर्षी प्रीमियमवर साक्सचे डॅम्पर आणि ब्रेम्बोचे ब्रेक असलेलं पॅकेज आलं. टोयोटाच्या १९८० च्या दशकातल्या एई८६ गाडीची आठवण म्हणून काढलेल्या ट्रुएनो एडिशनमध्ये ते सोबतच होतं. बीआरझेडची टीएस आवृत्तीही अशीच आहे, फक्त तिच्यात हिताचीचे डॅम्पर आहेत. ट्रॅकवर वारंवार जाणार असाल तर ब्रेकसाठी पैसे मोजा. रस्त्यासाठी साधे पुरतात. चांगले ब्रेक पॅड आणि ब्रेक फ्लुइड हा त्याहून स्वस्त मार्ग आहे.

माझ्या जुन्या गाडीवरचे कोणते भाग नव्यावर चालतील?

चाकं चालतील. नटांची रचना दोन्हीकडे ५×१०० आहे. त्यामुळे चांगली हलकी चाकं असतील तर ती गाडीसोबत विकू नका, मूळ चाकं परत चढवा. इंजिनाचं सामान, म्हणजे ट्यून, सुपरचार्जर किट, हेडर हे सगळं वेगळं. कॉइलओव्हर, म्हणजे स्प्रिंग आणि डॅम्परच्या जोडसंचाबद्दल बनवणाऱ्याला भाग क्रमांक देऊन विचारा, कारण एकाचं उत्तर दुसऱ्याला लागू पडत नाही. बदल केलेली गाडी विकताना शक्य तेवढी मूळ अवस्थेत आणा, काढलेले भाग वेगळे विका आणि व्हॉल्व्ह स्प्रिंग रिकॉलचा, तेल बदलल्याचा प्रत्येक कागद खरेदीदाराला आधीच दाखवा. या गाड्यांचे खरेदीदार माहीतगार असतात. कागद नसले तर ते भाव पाडतात, किंवा सरळ दुसरी गाडी बघायला निघतात.